चार्टर आणि प्रायव्हेट जेटची पायलट नोकरी : बेळगाव, खानापूर, निपाणीकडनं सारखे येणारे प्रश्न

मी मूळचा खानापूर तालुक्यातला, गेली काही वर्षं चार्टर कंपनीत किंग एअर हे छोटं विमान चालवतोय. गावात कुणाच्या तरी पोराला पायलट व्हायचं असलं की माझा नंबर फिरतो आणि मग व्हॉट्सअॅपवर तेच तेच प्रश्न, कधी पोराचे, कधी बापाचे, कधी मामाचे. दरवेळी टाईप करून बोटं दुखायला लागली म्हणून सगळं एका जागी लिहून काढलंय. एअरलाईनबद्दल नेटवर ढीगभर माहिती आहे, हे फक्त चार्टर आणि प्रायव्हेट विमानांच्या नोकरीबद्दल आहे.

१. दादा, प्रायव्हेट जेट, चार्टर, बिझनेस एव्हिएशन हे सगळं एकच का? इंडिगोपेक्षा वेगळं काय?

इंडिगो किंवा आपल्याकडं येणारी स्टार एअर ह्या शेड्यूल्ड, म्हंजे टाईमटेबल ठरलेलं, तिकीट काढा आणि बसा, एसटीसारखं. बिझनेस एव्हिएशनमधे दोन प्रकार येतात. एक चार्टर, ज्यांच्याकडं एनएसओपी म्हणून परमिट असतं, नॉन शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट, ते पैसे घेऊन कुणालाही नेऊ शकतात, वडापसारखं म्हणा पण लायसन्सवाली. दुसरं म्हंजे प्रायव्हेट, एखाद्या कारखानदाराचं किंवा कंपनीचं स्वतःचं विमान, त्यात फक्त त्यांची माणसं, भाडं घ्यायचं नाही. तुमच्या लायसन्सला दोन्हीकडं फरक पडत नाही पण नोकरीच्या अटींना फार पडतो, ते पुढं १४ आणि १६ मधे आहे.

२. पायलट व्हायला कमीत कमी काय लागतं?

वय १८ पूर्ण, बारावी म्हंजे आपल्या भाषेत सेकंड पीयू फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन पास, क्लास वन मेडिकल, आणि २०० तासांचं फ्लाइंग. त्या २०० मधे १०० तास पायलट इन कमांड म्हणून, म्हंजे विमानाची जबाबदारी तुमच्यावर, २० तास क्रॉस कंट्री ज्यात एक प्रवास निदान ३०० नॉटिकल मैलांचा, १० तास इन्स्ट्रुमेंटवर, ५ तास रात्रीचं, असा हिशोब असतो. डीजीसीएचे, म्हंजे केंद्राच्या विमान वाहतूक महासंचालनालयाचे, पेपर असतात नेव्हिगेशन, मेटिओरॉलॉजी, एअर रेग्युलेशन आणि टेक्निकल, प्रत्येकात ७० टक्के पाहिजेत, ६९ ला नापासच. शिवाय रेडिओची आरटीआर परीक्षा, ती पूर्वी टेलिकॉम खात्याकडं होती, भारतीय वायुयान अधिनियम २०२४ लागू झाला १ जानेवारी २०२५ पासून तेव्हा ती डीजीसीएकडं आली. जुने व्हिडिओ बघून अजून पोरं टेलिकॉमच्या साईटवर फॉर्म शोधत बसतात.

हे सगळं झालं की हातात सीपीएल येतं, कमर्शियल पायलट लायसन्स. नोकरी मात्र ह्याच्या पुढची गोष्ट, ७ बघा.

३. मी सेकंड पीयूला बायोलॉजी घेतलं / कॉमर्स केलं, आता काही चान्स आहे का?

आहे की. एनआयओएस, म्हंजे केंद्राच्या मुक्त शाळा बोर्डा मधनं फिजिक्स आणि मॅथ्स हे दोनच विषय वेगळे देता येतात, डीजीसीए ते धरतं. बऱ्याच जणांनी असंच केलंय. बोर्ड कर्नाटकचं का महाराष्ट्राचं ह्यानं फरक पडत नाही, निपाणीची पोरं कोल्हापूरला बारावी करतात तरी चालतंय, फक्त मार्कलिस्टचं व्हेरिफिकेशन त्या त्या बोर्डाकडनं होतं म्हणून डीजीसीएच्या परीक्षेला लागणाऱ्या कम्प्युटर नंबरसाठी अर्ज करायच्या आधी ते काम सुरू करून ठेवा.

४. चष्मा आहे, चालतो का? मेडिकल कुठं होतं?

चष्मा चालतो, चष्म्यानं नजर पूर्ण झाली पाहिजे. रंगांधळेपणा असला तर मात्र अवघड आहे. उंचीचं लष्करासारखं काही नाही, पाय पेडलला आणि हात स्विचला पोचला म्हंजे झालं.

आधी क्लास टू, डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडं, मग क्लास वन. आपल्याला जवळचं म्हंजे बेंगळुरूचं इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन, रात्री बेळगावात राणी चन्नम्मा एक्सप्रेसमधे बसायचं आणि सकाळी उतरायचं. आता कळीची गोष्ट सांगतो, फ्लाइंग स्कूलला एक रुपया भरायच्या आधी क्लास वन करून घ्या. चिकोडीकडचे एक काका होते, अर्धी फी भरली आणि मग पोराच्या कानाचं काहीतरी निघालं, फी परत मिळवायला वर्ष गेलं आणि सगळी मिळालीच नाही. लायसन्स झाल्यावर मेडिकल दरवर्षी, साठीनंतर दर सहा महिन्यांनी.

५. साहेब, पोराला पायलट करायला दोन एकर ऊस काढून टाकावा म्हणतोय, खर्च किती येईल?

भारतात करायचं म्हटलं तर साधारण ४५ ते ६० लाखांच्या घरात धरा, त्यात राहणं, पेपर, मेडिकल, परत परत द्यावी लागणारी आरटीआर, आणि मधे विमान ग्राउंड झालं किंवा पावसाळ्यात फ्लाइंग बंद पडलं की वाढणारे महिने. पावसाळा कुणी धरतच नाही हिशोबात. जून ते सप्टेंबर आपल्या भागात ढग जमिनीला टेकलेले, नवशिक्या पोराला कोण सोडणार वर.

बँकेचं एज्युकेशन लोन मिळतं पण साडेसात लाखांच्या वर तारण मागतात, आणि शेतजमीन तारण घ्यायला सगळ्या बँका तयार नसतात, घर किंवा एनए प्लॉट लागतो. माझं मत विचाराल तर सगळी जमीन विकून करू नका. कारण सीपीएलच्या खर्चावर पुढं टाईप रेटिंगचा खर्च आहे (८ बघा) आणि त्यानंतर नोकरी लागेपर्यंत महिने नाही, कधीकधी वर्षं जातात, तेव्हा घरात खायला काहीतरी पाहिजे.

६. सांब्र्याला एअरफोर्स आहे, तिथं ट्रेनिंग करून पायलट होता येतं का?

नाही, हा गोंधळ आपल्याकडं कायमचा आहे. सांब्रा म्हंजे बेळगावचा विमानतळ, तिथलं एअरफोर्सचं सेंटर एअरमनसाठी, म्हंजे पायलट सोडून बाकीच्या जवानांसाठी आहे, तिथनं पायलट तयार होत नाहीत. नागरी फ्लाइंग स्कूल ही वेगळी भानगड. २०२१ मधे एअरपोर्ट अथॉरिटीनं पाच विमानतळांवर फ्लाइंग स्कूलला जागा द्यायचं ठरवलं, बेळगावी, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लिलाबारी, त्यामुळं आता सांब्र्यावर छोटी विमानं घिरट्या घालताना दिसतात. घरचा डबा खाऊन फ्लाइंग होतंय हा फायदा मोठाच. पण स्कूल निवडताना जवळ आहे म्हणून घेऊ नका, तिथं जाऊन दोन दिवस गेटवर उभं रहा आणि मोजा की किती विमानं उडाली आणि किती पोरं नुसती बसलीत. बाकी जक्कूरचं सरकारी स्कूल आहे, गोंदियाचं आहे, रायबरेलीजवळ फुरसतगंजचं इग्रुआ आहे, परदेशही आहे. परदेशात केलं तर परत येऊन डीजीसीएचे पेपर आणि चेक देऊन लायसन्स बदलून घ्यावं लागतं.

७. माझे २०० तास झाले, सीपीएल हातात आहे, चार्टर कंपनी डायरेक्ट घेईल का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि सगळ्यात कडू उत्तर. घेतात, पण फार थोडे.

कारण काय ते नीट समजून घ्या. एअरलाईनला एकदम शंभर पोरं लागतात, म्हणून ते २०० तासवाले घेऊन स्वतःच्या सिम्युलेटरवर तयार करतात. चार्टर कंपनीकडं विमानं असतात दोन, चार, फार तर दहा, आणि तीही वेगवेगळ्या जातीची, एक किंग एअर, एक हॉकर, एक फेनम, एक पिलाटस. त्यांना एकच माणूस लागतो आणि तो उद्या सकाळी उडणारा लागतो. म्हणून जाहिरातीत "ऑन टाईप ५०० तास" असलं काहीतरी लिहिलेलं असतं, टाईप म्हंजे त्याच जातीच्या विमानावर.

दुसरं कारण कुणी सांगत नाही ते म्हंजे इन्शुरन्स. विमानाचा विमा काढताना विमा कंपनी पायलटसाठी किमान तास लिहून घेते, एकूण किती, टाईपवर किती. डीजीसीए तुम्हाला पास करेल, मालकाला तुम्ही आवडाल, पण विम्याच्या कागदात बसत नसाल तर मालक तुम्हाला सीटवर बसवू शकत नाही. मला दोन ठिकाणी हेच ऐकायला मिळालं, "कॅप्टन तुम्हाला हो म्हणतोय, विमा नाही म्हणतोय".

मग सुरुवात कशी होते? बहुतेकांची को-पायलट म्हणून टर्बोप्रॉपवर, म्हंजे पंख्याच्या विमानावर, किंग एअर सी-नाईन्टी किंवा बी-टू-हंड्रेडवर. मल्टी इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग चालू स्थितीत पाहिजे, ते संपलेलं असलं की फाईल बाजूला. काही जण आधी फ्लाइंग स्कूलमधे इन्स्ट्रक्टर होऊन तास वाढवतात, हा रस्ता लांब आहे पण खर्च होत नाही उलट पगार मिळतो. कॅप्टन व्हायला मोठ्या जेटवर एटीपीएल, म्हंजे सीपीएलच्या वरचं लायसन्स, लागतं, त्याला २१ वर्षं आणि १५०० तास.

८. स्वतःच्या पैशानं टाईप रेटिंग करून ठेवलं तर नोकरी पक्की का?

पक्की नाही. टाईप रेटिंग म्हंजे एका जातीच्या विमानाचं शिक्षण आणि परीक्षा, बिझनेस जेटचे सिम्युलेटर बहुतेक परदेशात, त्यामुळं खर्च परत लाखांत. ते करून आल्यावर त्या जातीची विमानं भारतात मोजकीच असली आणि त्यांच्या सीट भरलेल्या असल्या तर कागद घेऊन बसायचं. आणि बसून राहिलं की करन्सी, म्हंजे चालू सराव, जाते, ९० दिवसांत तीन टेकऑफ लँडिंग पाहिजेत, वर्षातनं दोनदा प्रोफिशियन्सी चेक पाहिजे, तो खर्च कोण करणार. आधी कंपनीशी बोलून, लेखी पत्र घेऊन मगच रेटिंगला पैसे घाला. तोंडी "करून या, बघू की" ह्याला काही अर्थ नाही.

९. ह्या नोकऱ्यांची जाहिरात दिसतच नाही, भरती होते कशी?

ओळखीनं. वाईट वाटेल पण खरं आहे. वशिला म्हणत नाही मी, ओळख म्हंजे कुणीतरी तुमच्याबरोबर उडालेला असतो आणि तो सांगतो की पोरगं शांत आहे, वेळेवर येतं, दारू पिऊन गोंधळ घालत नाही. मालकाच्या कुटुंबाबरोबर सात-आठ तास एका छोट्या डब्यात बसायचं असतं, त्यांचे फोन कानावर पडतात, कोण कुणाला भेटलं ते दिसतं, निवडणुकीच्या दिवसांत तर विचारूच नका. म्हणून इंटरव्ह्यूला टेक्निकल प्रश्न निम्मे आणि निम्मा वेळ ते तुमचं तोंड किती बंद राहतं ते बघत असतात. माझ्या इंटरव्ह्यूत मला विचारलं की शेवटच्या फ्लाइटला कोण पॅसेंजर होता, मी म्हटलं सर ते सांगता येणार नाही, तो माणूस हसला आणि पुढच्या प्रश्नाला गेला. नंतर कळलं तीच परीक्षा होती.

मुंबई, दिल्ली, बेंगळुरूचं एचएएल, हैदराबादचं बेगमपेट, अहमदाबाद, इथं ह्या कंपन्यांचे बेस आहेत. ईमेल पाठवून गप्प बसू नका, दर दोन महिन्यांनी अपडेट केलेले तास पाठवा. एकदाच पाठवलेला बायोडेटा तळाला जातो.

१०. मी मराठी मीडियमचा, खानापूरच्या शाळेत शिकलो, इंग्लिश कच्चं आहे, आणि कन्नडपण धड येत नाही.

कन्नड लायसन्सला लागत नाही, रेडिओवर इंग्लिश चालतं. तुम्हाला इंग्लिश प्रोफिशियन्सीची लेव्हल फोर पाहिजे, ती तीन वर्षं चालते, फाईव्ह सहा वर्षं, सिक्स कायमची. रेडिओचं इंग्लिश ठराविक वाक्यांचं असतं, पाठांतरानं येतं. अडतं ते दुसरीकडं, पॅसेंजर विचारतो की उशीर का होतोय तेव्हा दोन वाक्यांत शांतपणे सांगता येत नाही. ते घरी मोठ्यानं बोलून सुधारतं. मीसुद्धा मराठी शाळेतलाच, सुरुवातीला "थोडं थांबा" हे सुद्धा मनात मराठीत यायचं आणि मग तोंडातनं निघायचं.

११. पगार किती मिळतो ते सांगा ना स्पष्ट.

आकडा सांगत नाही कारण विमानानुसार, टाईपनुसार फार फरक आहे आणि माझा आकडा धरून तुम्ही जमीन विकाल. कसा मोजायचा ते सांगतो. एअरलाईनमधे फिक्स अधिक उडलेल्या तासांचे पैसे, चार्टरमधे जास्त करून फिक्स महिन्याला, वर मुक्कामाचा भत्ता. म्हणून विचारायचं ते असं, फिक्स किती, भत्ता रोजचा किती आणि तो पगाराबरोबर येतो का तीन महिन्यांनी, हॉटेल कोण बुक करतं, बेसला जायचं तिकीट कुणाचं, सिम्युलेटरच्या वेळी पगार चालू राहतो का, मेडिकल तात्पुरतं अनफिट झालं तर किती दिवस पगार. शेवटचा प्रश्न विचारायला लाज वाटते आणि तोच महत्त्वाचा, कारण पायलटचं सगळं उत्पन्न एका मेडिकलच्या कागदावर उभं आहे. लॉस ऑफ लायसन्स नावाचा विमा असतो, कंपनी काढत नसेल तर स्वतः काढा.

१२. बेळगावात राहून नोकरी करता येईल का? सुट्टी किती?

सांब्र्याला बिझनेस जेटचा बेस नाही, त्यामुळं कायम बेळगावात राहून नाही. पण बऱ्याच कंपन्या रोटेशन देतात, वीस दिवस ड्युटी दहा दिवस घरी किंवा सहा आठवडे आणि दोन आठवडे असं. मी असाच करतो, बेसला रूम आणि सुट्टीत गाव. रोटेशन असलं तर ते ऑफर लेटरात लिहून घ्या, कारण सीझनला, म्हंजे लग्नसराई, निवडणुका, दिवाळी, हेच दहा दिवस पहिले कापले जातात.

ड्युटीच्या वीस दिवसांत रोज उडायचं असतं असं नाही. कधी चार दिवस फोनकडं बघत बसायचं, मग रात्री अकराला फोन की पहाटे पाचला निघायचंय. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की आपल्या सांब्र्यावर चार्टरची रांग लागते, तेव्हा मी गावापासून पंचवीस तीस किलोमीटरवर येतो आणि घरी जायला मिळत नाही, विमानाशेजारीच थांबायचं, आई डबा पाठवते गेटपर्यंत. उडण्याच्या तासांना आणि विश्रांतीला डीजीसीएची मर्यादा आहे, वर्षाला १००० तासांच्या वर नाही, पण चार्टरवाला पायलट तिथंपर्यंत क्वचितच पोचतो, आमचा थकवा उडण्याचा नसतो, वाट बघण्याचा असतो.

१३. कंपनी दोन वर्षांचा बाँड आणि ओरिजिनल लायसन्स-मार्कलिस्ट मागतेय, देऊ का?

बाँड होऊ शकतो, ओरिजिनल कागद अजिबात देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, परत घ्या. मी माझ्या पहिल्या नोकरीत दिले होते, सोडताना चार महिने कागदांसाठी फेऱ्या मारल्या, तेवढ्यात एक चांगली संधी गेली.

बाँडचं असं आहे की कंपनीनं तुमच्या ट्रेनिंगवर खरंच खर्च केला असेल तर तो वसूल करायची अट कोर्टात टिकू शकते, मे २०२५ मधे सुप्रीम कोर्टानं एका सरकारी बँकेच्या केसमधे तीन वर्षांच्या आत सोडलं म्हणून दोन लाख भरायची अट योग्य धरली. पण खर्च आठ लाख आणि बाँड चाळीस लाखांचा असं असेल तर कॉन्ट्रॅक्ट कायद्यानुसार कोर्ट वाजवी भरपाई बघतं, लिहिलेला आकडा जसाच्या तसा देत नाही. सही करायच्या आधी तीन गोष्टी लिहून घ्या : खर्चाची बिलं बाँडला जोडलेली, दर महिन्याला रक्कम कमी होत जाणारी, आणि कंपनीनं काढलं किंवा विमान विकलं तर बाँड रद्द. ही तिसरी अट लोक विसरतात आणि प्रायव्हेट विमानं विकली जातात बघा, मालकाचा मूड गेला की.

१४. नोकरी सोडायला एक वर्षाची नोटीस लागते म्हणे, खरं का?

डीजीसीएचा २०१७ चा नियम आहे, हवाई वाहतुकीचा धंदा करणाऱ्या कंपनीतल्या कमांडरला एक वर्ष आणि को-पायलटला सहा महिने. कंपनीनं एनओसी देऊन आधी सोडलं तर कमी होते. नोटीसच्या काळात तुम्ही उडायला नाही म्हणायचं नाही आणि कंपनीनंही तुमचे हक्क रोखायचे नाहीत. भाडं न घेणाऱ्या निव्वळ प्रायव्हेट विमानावर असाल तर तुमच्या करारात काय लिहिलंय ते चालतं, म्हणून १ मधला फरक लक्षात ठेवायला सांगितला.

१५. "कन्सल्टंट" म्हणून घेतो म्हणतात, पीएफ नाही, १० टक्के टीडीएस कापून देतो. बरं आहे का?

हातात जास्त येतात म्हणून बरं वाटतं. पण पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी रजा नाही, बहुतेक वेळा ग्रुप इन्शुरन्स पण नाही, आणि गृहकर्जाला गेलं की बँक सॅलरी स्लिप मागते. निवृत्त कॅप्टनसाठी ठीक आहे, पंचविशीच्या पोरासाठी नाही.

१६. मालक म्हणतोय माझ्या मित्राला गोव्याला सोडून ये, तो पेट्रोलचे पैसे देईल. विमान प्रायव्हेट आहे. जाऊ का?

नको. प्रायव्हेट विमानात भाडं घेऊन माणूस नेणं बेकायदा, पेट्रोल म्हणा, देणगी म्हणा, पैसे घेतले की ते चार्टर झालं आणि त्याला एनएसओपी लागतं. काही झालं तर विमा कंपनी हात वर करते आणि चौकशी तुमच्या लायसन्सची होते. मित्र फुकट येत असेल तर तो मालकाचा पाहुणा, तेव्हा प्रश्न नाही.

१७. साहेबांना घाई आहे, हवामान खराब आहे, नाही म्हटलं तर नोकरी जाईल. काय करायचं?

शेवटचा निर्णय पायलट इन कमांडचा, नियमात स्पष्ट आहे. पण नियम सांगून काम होत नाही हे मला माहीत आहे. एअरलाईनमधे पॅसेंजरला तुमचं नावही माहीत नसतं, इथं पॅसेंजरच तुमचा पगार देतो आणि तो तुमच्या मागं पाच फुटांवर बसलेला असतो. आणि विमान उतरवायचं असतं ते छोट्या पट्टीवर, जिथं आयएलएस, म्हंजे कमी दिसत असताना उतरायला मदत करणारी यंत्रणा, नाही, सूर्यास्ताच्या आत उतरायचं, आणि साहेबांचं भाषण लांबलेलं.

मी काय करतो ते सांगतो. आदल्या रात्रीच मालकाच्या पीएला मेसेज टाकतो, उद्या ह्या वेळेच्या आत निघालो तर जमेल, नाहीतर कोल्हापूर किंवा हुबळीला उतरून गाडीनं जावं लागेल, गाडीची सोय करून ठेवा. म्हंजे दुसऱ्या दिवशी मी "नाही" म्हणत नाही, आधीच ठरलेला दुसरा पर्याय सांगतो. मालकाला नकार आवडत नाही पण गाडी तयार असली तर तो फारसं बोलत नाही. आणि जो मालक तरीही दाबतो त्याच्याकडची नोकरी सोडा. मी एक सोडलीय, सहा महिने घरी बसलो, वडील बोलले नाहीत माझ्याशी पहिला महिनाभर.

१८. दारूची टेस्ट किती कडक असते? काढा घेतला तर?

उडायच्या आधी १२ तास काही नाही, आणि ब्रेथ टेस्टमधे शून्य पाहिजे. पहिल्यांदा सापडलं तर तीन महिने लायसन्स सस्पेंड, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा रद्द. माऊथवॉश आणि अल्कोहोल असलेलं टूथ जेल पण चालत नाही, २०२३ मधे नियमातच घातलंय. आपल्याकडच्या पोरांना खास सांगतो, दशमूलारिष्ट, द्राक्षासव ह्यात अल्कोहोल आपोआप तयार झालेलं असतं, आजी प्रेमानं देते पण ड्युटीच्या दिवसांत नाही म्हणायचं.

१९. दहावीच्या दाखल्यावर नाव एक, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. अडचण येईल का?

येणारच, आणि आपल्या सीमाभागात ही सगळ्यात मोठी डोकेदुखी आहे. एका कागदावर आडनाव शेवटी, दुसऱ्यावर नुसती इनिशियल, कुठं वडलांचं नाव मधे, कुठं गायब, आणि कन्नडमधनं इंग्लिश करताना पाटीलचं स्पेलिंग तीन तऱ्हेचं. डीजीसीए दहावीच्या मार्कलिस्टवरचं नाव आणि जन्मतारीख धरून चालतं, म्हणून बाकी सगळे कागद त्याप्रमाणं करून घ्या, उलटं करू नका. जन्मगाव बेळगाव का बेळगावी ह्याची काळजी नको, १ नोव्हेंबर २०१४ ला नाव बदललंय हे सरकारी आहे, जुन्या दाखल्यावर बेळगाव असलं तर ते तसंच राहतं. नावातला फरक मात्र गॅझेट किंवा अॅफिडेव्हिट करून आधीच मिटवा, ऑफर आल्यावर धावपळ करून होत नाही.

आणि हो, महाराष्ट्राच्या कॉलेजात सीमावादातल्या ८६५ गावांच्या पोरांना सीमाभागाच्या जागा असतात तसं पायलट लायसन्सला काही नाही. लायसन्स केंद्राचं आहे, कंपनी मुंबईची असो की बेंगळुरूची, डोमिसाईल कुणी विचारत नाही.

२०. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत माझ्यावर केस पडलीय, विमानतळाचा पास मिळेल का?

हा प्रश्न तीन जणांनी वेगवेगळा विचारला म्हणून इथं घातला. विमानतळात जायला पास लागतो, त्याला पोलीस व्हेरिफिकेशन होतं आणि तुमच्या ठाण्याच्या रेकॉर्डला असलेली केस त्यात येते. लपवू नका. केस लपवलेली सापडली तर केसपेक्षा लपवणं जड जातं. केस निकालात निघाली असेल तर कोर्टाच्या ऑर्डरची सर्टिफाईड कॉपी, चालू असेल तर कलमं आणि सध्याची स्थिती वकिलाकडनं लिहून घेऊन अर्जाला जोडा. आणि फ्लाइंगला पैसे भरायच्या आधी केस संपवायच्या मागं लागा, आपल्याकडं ह्या केसेस तारीख पे तारीख दहा दहा वर्षं रेंगाळतात.

२१. मुलीला ह्या क्षेत्रात पाठवावं का? रात्री-बेरात्री हॉटेलात राहायचं म्हणतात.

भारतात महिला पायलटचं प्रमाण जगात वरच्या नंबरात आहे, त्यामुळं हे नवीन राहिलं नाही. चार्टरमधे मात्र एअरलाईनपेक्षा कमी दिसतात. मुलीनं इंटरव्ह्यूला स्पष्ट विचारावं की मुक्कामाला क्रूला वेगळ्या रूम असतात ना, रात्री विमानतळ ते हॉटेल गाडी कोण देतं. गरोदरपणात मेडिकल तात्पुरतं अनफिट होतं, पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यात आहे पण तो कायदा साधारण दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला लागतो, आणि काही प्रायव्हेट विमानांच्या कंपनीत एकूण माणसंच सात असतात. ते ऑफर लेटरात लिहून घ्यावं लागतं, १३ सारखंच.

२२. हेलिकॉप्टरचं काय? स्वस्त पडतं का?

स्वस्त नाही. तास कमी लागतात, १५०, पण एकेक तास महाग. नोकऱ्या जुहू, तेल कंपन्यांचं समुद्रातलं काम, केदारनाथ, निवडणुका. आणि तिथं लष्करातनं निवृत्त झालेले हजारो तासांचे पायलट समोर असतात, नवीन पोराला फार अवघड.

२३. वय ३४ आहे, आता सुरू केलं तर उशीर झाला का?

भाड्याच्या उड्डाणाला वयाची मर्यादा ६५ आहे, म्हंजे कागदावर वेळ आहे. चार्टरवाले थोडा पोक्त माणूस उलट पसंत करतात. पण ५ आणि ७ वाचून हिशोब करा, कमवायला लागेपर्यंत चाळिशी जवळ येते आणि तेव्हा तुमची पोरं शाळेत असतात.

२४. एक एजंट म्हणतोय ८ लाख द्या, चार्टर कंपनीत लावतो, तासही वाढवून देतो.

नोकरीसाठी पैसे मागतो तो फसवतोय, इथंच विषय संपला. तास वाढवून देतो ह्याला आमच्यात पी-फिफ्टीवन म्हणतात, पी-फिफ्टीवन हे लढाऊ विमान होतं पण इथं अर्थ पार्कर फिफ्टीवन पेन, म्हंजे विमान न उडवता पेनानं लॉगबुकात उडवलेले तास. २०११ मधे खोट्या मार्कलिस्टवर लायसन्स काढलेल्यांना अटका झाल्या तेव्हापासून तपासणी कडक झालीय, आता लॉगबुक ऑनलाईन आहे, विमानाचं टेक लॉग वेगळं, एटीसीची नोंद वेगळी, सगळं जुळवता येतं. आणि नाही सापडला तरी पहिल्याच चेकला कॅप्टन ओळखतो. माझ्या शेजारी असा एक जण बसला होता, लॉगबुकात साडेतीनशे तास, आणि सांब्र्यावर क्रॉसविंडमधे, म्हंजे बाजूच्या वाऱ्यात, पाय पेडलवर नुसते ठेवलेले, हलतच नव्हते.